खिंडीतला बार

"...आणि संतू शिकाऱ्यानं सोताच्या हातानं भरलेलं शेवटचं काडतूस म्हणे अजून मदारबाबाच्या झोळीत हाय. ते जर का कुणी उडवलं, तर—"

बाळकू एवढं बोलला आणि दारात केरबा दिसताच गप झाला. न्हाव्यानंही वस्तरा उगीचच चामड्यावर घासायला घेतला.

"तर काय?" केरबानं विचारलं.

"तर... गुळाला काय भाव निघाला औंदा?" बाळकू म्हणाला.

केरबानं दाढी केली नाही. तसाच परत फिरला. संतू शिकारी म्हणजे त्याचाच बाप. बापाला जाऊन बरीच वर्षं झाली होती. मागं राहिली होती ती रायफल, लायसनसकट.

आता केरबा काही ऐरागैरा नव्हे. आसपासच्या वाड्यांत असा नेम दुसऱ्या कुणाचा नव्हता. काडतुसंसुद्धा स्वतःच भरायचा. पितळी पुंगळी घ्यायची, बुडाला नवी केप, म्हणजे ठिणगीची टोपी, बसवायची, आत बंदुकीची दारू ओतायची, वर गोळी दाबायची. "दुसऱ्यानं भरलेला बार मी खांद्याला लावत न्हाई," असं चारचौघांत छाती काढून सांगायचा. तोच माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी खिंड चढून गेला आणि दर्ग्याशेजारच्या झोपडीपुढं उभा राहिला, यातच काय ते आलं.

मदारबाबा शेळीला पाला घालत होता. संस्थान होतं तेव्हा शिकारखान्यातली काडतुसं त्याच्या हातची असायची. संस्थान गेलं, बाबानं कफनी घातली आणि इथं येऊन बसला.

"कोणती दारू घालू?" केरबानं ना नमस्कार ना चमत्कार, एकदम विचारलं.

"कशासाठी?"

"डुकरासाठी. उसात शिरत्यात."

"आता कोणती घालतोस?"

केरबानं खिशातून पुडी काढली. दारू अगदी बारीक, रेतीसारखी. "ही. हिच्या आधीची ढिली वाटली. हिच्याहून झटक्यात पेटणारी बाजारात मिळत न्हाई."

"उडवलेल्या पुंगळ्या आहेत?"

होत्या. बाबानं एक उचलून डोळ्यांजवळ नेली. बुडाची केप चेपून सपाट झालेली, पितळ फुगलेलं. मग त्यानं केरबाकडं बघितलं. आधी डोळे, मग नाक, मग दोन्ही कान.

"काय बघताय?"

"सगळं जागच्या जागी आहे अजून. पुढच्या खेपेला नळी फुटली तर नसेल."

केरबा हसायला गेला, पण हसू काही आलं नाही.

"तुझ्या बापाची नळी लांब," बाबा म्हणाला. "या दारूचा सगळा राग उंबऱ्यातच संपतो. पुढची वाट गोळीनं एकटीनं काटायची. संथ जळणारी असते ना... ती गोळीला वेशीपर्यंत सोडायला जाते."

"मग संथ द्या."

"डुकरासाठी?"

"व्हय."

"दिवेलागणीला, माझ्या छपराशेजारी, आभाळाकडं नळी करून... कसलं डुक्कर मारतोस रे, केरबा? दोन डाव झाले. माझी शेळी आटली."

केरबाची मान खाली गेली. तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला.

"आई जेवत न्हाई, बाबा."

बाबानं हातातला पाला खाली ठेवला.

त्याचं असं होतं. शिकार मिळो न मिळो, संतू घरी परतताना या खिंडीत एक बार काढायचा. तो ऐकला की खाली घरी बायको चुलीवर भात टाकायची. संतू चालत चालत उतरून दारात यायचा आणि भाताला वाफ धरायची, एकाच वेळेला. सगळ्या वाडीला ते माहीत होतं. पोरांना हाक मारायची झाली तरी बायका म्हणायच्या, "संतूचा बार झाला, या आता घरात."

आता तीच बायको म्हातारी झाली होती. जुनं तेवढं लख्ख आठवायचं, कालचं पुसून जायचं. नवरा गेलाय हे सकाळी ठाऊक असायचं, संध्याकाळी नसायचं. दिवा लागला की उंबऱ्यात बसायची, खिंडीकडं कान लावून. सुनेनं ताट पुढं केलं की हातानं मागं सारायची. "थांब गं. अजून बार न्हाई झाला."

अंगावर नुसती हाडं राहिली होती.

"म्हणून मी बार काढला," केरबा म्हणाला.

"मग?"

"म्हणाली, 'कुणाच्या घरी लगीन हाय गं?' आणि बसली परत."

"मग?"

"दारू बदलली. मोठा काढला. तर कानांवर हात ठेवून रडली, बाबा. म्हणाली, 'त्यांच्या रायफलीला कुणीतरी छळतंय.'"

शेळीनं मान वर करून केरबाकडं बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

"आबांच्या हातचं भरलेलं काडतूस तुमच्यापाशी हाय म्हणत्यात," केरबाचा आवाज बारीक झाला. "ते द्या. एक डाव तिला ऐकू द्या. मी पाया पडतो तुमच्या."

हा माणूस कुणाच्या पाया पडल्याचं कुणी बघितलं नव्हतं.

बाबा आत गेला. झोळी घेऊन आला. तळाशी हात घालून त्यानं एक पुंगळी काढली आणि केरबाच्या हातावर ठेवली.

केरबानं ती हलवली. आवाज नाही. उलटी केली. काही पडलं नाही. नाकाशी नेली... वाससुद्धा उरला नव्हता.

"ही तर उडवलेली हाय."

"त्याचा शेवटचा बार. पुंगळी इथं, या दगडावर पडली. मी उचलून ठेवली."

"भरलेली म्हणत होते..."

"कोण?"

केरबानं पुंगळीचं रिकामं तोंड पुन्हा एकदा बघितलं. तो त्या दगडावर बसला आणि पुंगळी मुठीत धरून नुसता बसून राहिला. ऊन दर्ग्याच्या पायरीवरून खाली सरकलं.

मग बाबानं त्याच्यापुढं दोन डब्या ठेवल्या. एकीत बारीक दारू, एकीत जाड, काळी, जोंधळ्याच्या दाण्यांएवढी.

"भर."

"मी?"

"दुसऱ्यानं भरलेला बार तू खांद्याला लावत नाहीस ना?"

केरबा ओशाळला. जुन्या पुंगळीला नवी केप बसवली. हात सवयीनं बारीक दारूकडं गेला... आणि थांबला. त्यानं जाड दाण्यांची डबी ओढली. पुंगळीत ओतली. मग खिशातून गोळी काढली.

बाबानं ती त्याच्या बोटांतून अलगद काढून घेतली आणि त्याच्या जागी कापसाचा बोळा दिला.

"गोळीबिगर?"

"घरी सांगावा धाडायला गोळी कशाला?"

केरबा बघतच राहिला. गोळी हवा फाडत जाते तेव्हा चाबकासारखा कडाका होतो. आबांच्या बारात तो कडाका कधीच नसायचा... लहानपणापासून ऐकलं होतं, कधी ध्यानातच आलं नव्हतं. नेमबाजाला बिनगोळीचा बार सुचणार तरी कसा?

"बार काढल्यावर तू काय केलंस?" बाबानं विचारलं.

"काय करणार? सायकल काढली आणि सुसाट उतारानं खाली. तिचं तोंड बघायचं होतं."

"आणि भात?"

"बायकोनं केला होता की आधीच. झाकून ठेवला होता."

बाबानं खाली वाडीकडं बघितलं.

"आई चुलीत भाताचं तूस टाकते का अजून?"

"तूस?" केरबाला एवढ्या दुःखातही हसू आलं. "ते बंद केलं आम्ही. चुलीकडंच जाऊ देत न्हाई तिला. मी पोर होतो तेव्हा बार झाला की मूठभर ओलं तूस चुलीत टाकायचीच. घरभर धूर. आजी शिव्या घालायची, आम्ही खोकून खोकून बेजार. टाकते कशाला, कुणास ठाऊक."

"विचारलं नाहीस कधी?"

"घरात बसून धुरात खोकणारा काय विचारणार?" केरबा म्हणाला.

बाबा उठला. "घरी जा. सूनबाईला सांग, आज चूल पेटवू नको. सरपण, तांदूळ, तूस, सगळं म्हातारीच्या हाताशी ठेव, आणि तू नुसती जवळ बस. आणि केरबा, संध्याकाळी तू परत ये. सायकल घरीच ठेव."

"ते कशापायी?"

बाबा शेळीकडं वळला.

*

दिवस कलला तेव्हा दोघं त्याच दगडाशी होते. खाली वाडी दिसत होती. घरोघरच्या कौलांतून धूर निघत होता, एका केरबाच्या घराचं छप्पर तेवढं धुराविना, थंड. उंबऱ्यात एक ठिपका होता. तो हलत नव्हता.

"भूक लागली असंल तिला," केरबा म्हणाला.

"आणि तुला?"

केरबानं काडतूस आत सरकवलं. रायफल उचलली. नळी आभाळाकडं केली.

बार फुटला नाही, उघडला. जडशीळ, गोल आवाज समोरच्या डोंगराला जाऊन टेकला, तिथून पलीकडच्या दरीत उतरला, फिरला, आणि रमतगमत खाली वाडीत शिरला. शेळी रवंथ करत होती. तिनं मान वर केली नाही.

केरबानं रायफल खाली घेतली. आबांचाच बार होता. अगदी तोच.

त्यानं दांडी मागं ओढून रायफल उघडली. पुंगळी दगडावर पडली. न्हाव्याच्या दुकानात निघालेली गोष्ट निम्मी खरी होती. काडतूस आबांचं होतं. भरणारा हात तेवढा दुसऱ्याचा.

खाली काहीच झालं नाही.

"न्हाई ऐकलं," केरबा म्हणाला.

बाबा समोरच्या डोंगराकडं कान लावून होता.

"न्हाई ऐकलं, बाबा..."

उंबऱ्यातला ठिपका तिथं नव्हता. केव्हा उठला ते दोघांनाही दिसलं नव्हतं. मग कौलांतून एक बारीक रेघ निघाली. निळसर, वाकडी, कुणी खूप दिवसांनी चूल फुंकावी तशी. ती विझल्यासारखी झाली... आणि एकदम तिच्या जागी पांढराशुभ्र, दाट धूर उसळला. पिंजलेल्या कापसासारखा. सगळ्या वाडीच्या धुरात तो वेगळा दिसत होता. खिंडीतून कुणीही बोट ठेवून सांगितलं असतं की, ते माझं घर.

केरबा त्या धुराकडं बघत राहिला. मग बुडाखालच्या दगडाकडं बघितलं. बसून बसून गुळगुळीत झालेला दगड.

"आबा... हे बघत बसायचे इथं?"

बाबानं झोळीला गाठ मारली.

"तिनं ऐकलं की बाबा! तिनं तूस टाकलं!" केरबा उठला, रायफल खांद्याला मारली आणि उताराकडं धावला. चार पावलं गेला असेल नसेल, जागीच थबकला. पाठमोराच उभा राहिला.

"पण दारात तर मीच जाणार," तो म्हणाला. "ते न्हाईत. ती वाट कुणाची बघतीय... आणि येणार कोण?"

दरीत कुठंतरी आवाजाचं शेवटचं टोक अजून फिरत होतं, की तसा भास होता. पांढरा धूर हळूहळू वर चढत खिंडीकडं यायला लागला.

मदारबाबानं हात लांब करून त्याची बाही धरली आणि त्याला दगडावर ओढून बसवलं.

"बस," तो म्हणाला. "आधी भात शिजू दे."