नियमाचा पक्का सरडा

पाणवठ्यांवर पाट्या लावायची पद्धत नव्हती, त्या काळची गोष्ट. एका पाणवठ्यावर रंगराव सरडा पहाऱ्याला होता. तो हिरवा असला की खुशाल पाणी प्यावं, लाल असला की बिबट्या आलाय समजून पळावं. रंगरावाला नियम एकच: कुणी डिवचलं की रंग बदलायचा. डोकं वापरायची अट नव्हती, म्हणून तो नोकरीवर भलताच खूश होता.

एका दुपारी वानराने बिबट्या पाहिला आणि रंगरावाला डिवचलं. रंगराव लाल झाला. मागोमाग टिटवीलाही बिबट्या दिसला. तीही कर्तव्यदक्ष! तिने चोच मारली आणि रंगराव पुन्हा हिरवा झाला.

"अहो, बिबट्या त्या जाळीतच बसलाय!" टिटवी किंचाळली.

"दिसतोय मला, टिटवीबाई," रंगराव शांतपणे म्हणाला. "पण डिवचलं की बदलायचं. आपण नियमाबाहेर जात नाही."

घाबरून वानराने आणि टिटवीने त्याला पाठोपाठ डिवचलं. रंगराव लाल झाला आणि लगेच हिरवा झाला. तो हिरवा रंग पाहून एक भेकर निर्धास्तपणे पाण्याशी वाकलं आणि बिबट्याने झेप घेतली.

संध्याकाळी चौकशी बसली. रंगरावाने नियम तंतोतंत पाळल्याचं सर्वांनी मान्य केलं. भेकराचं म्हणणं तेवढं ऐकायचं राहिलं.