बरणी आणि भोकाचा डबा

वस्तूंना अजून बोलता येत होतं, तेव्हाची गोष्ट. कुमुदिनीबाईंना कुणीतरी जहाल मिरचीच्या दोन बिया दिल्या. अशी मिरची त्यांनी कधी लावली नव्हती. एक बी त्यांनी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात पेरली, दुसरी सासूबाईंच्या लोणच्याच्या बरणीत, आणि दोन्ही फ्रिजवर उबेला ठेवली.

डब्याच्या बुडाला यजमानांनी तापलेल्या दाभणानं भोकं पाडली होती. "बरणीलाही पाडायला हवं," ते म्हणाले.

"आईंची बरणी आहे. तिला हात लावू नका," बाई म्हणाल्या.

रोज पाणी घातलं की डबा खालच्या ताटलीत गळायचा. बरणीला त्याची कीव यायची. "बाईंनी दिलेलं पाणी सांडून टाकतोस," ती म्हणाली. "माझ्यातून आजवर तेलाचा थेंब गळला नाही. माझ्या बीला मी काही कमी पडू देणार नाही."

"मला धरून ठेवता येत नाही," डबा म्हणाला. "तिला हवं तेवढं ती घेते, उरलेलं जातं."

बऱ्याच दिवसांनी डब्यात कोंब आला. बाईंनी बरणीतली माती उकरली, तर आंबूस वास आला. बी कुजली होती.

"मी तर थेंबही जाऊ दिला नाही," बरणी म्हणाली.

पुढे रोपाला मिरच्या लागल्या. बाईंनी बरणी घासून उन्हात वाळवली आणि तिच्यात त्या मिरच्यांचं लोणचं भरलं. वर्षभर तेल गळलं नाही. सगळे बरणीचं कौतुक करायचे. ती ऐकून घ्यायची. आता तिच्यात जे होतं, त्याला वाढायचं नव्हतं.