बारा गळांची दोरी

मंगळवार, सकाळचे साडेसहा, निवेबंदरचा धक्का. बांगड्यांचा थवा अगदी धक्क्याला लागला होता आणि तासाभरात निघून जाणार होता. नेमकी तेव्हाच किनारा स्वच्छता अधिकारी बेडेकर यांनी भिकाजी सारंगांची गरी जप्त केली.

गरी घरची होती. एका दोरीला बारा गळ आणि प्रत्येक गळावर शेवेच्या रिकाम्या पाकिटाची चकचकीत पट्टी बांधलेली. बांगड्याला ती पट्टी लहान मासळी वाटते. बेडेकरांना ती गुन्हा वाटली.

"समुद्रात प्लास्टिक टाकायला बंदी आहे, आजोबा. कायदा सगळ्यांना सारखा."

भिकाजींचे त्या दिवसाचे पोट त्या दोरीवर होते. तरी ते शांतपणे म्हणाले, "सायबानू, टाकलेला कधी परत येता? माझा प्लास्टिक दोरीक बांधलेला आसा. माझ्याबरोबरच घराक येतला."

"पण आणलंत कुठून एवढं?"

"काल हयच तुमी स्वच्छतेवर भाषण केलात आणि मगे शेव वाटलात. तेचीच ही पाकिटां, धक्क्याखाली तरंगत होती. तेंका दोरी बांधूक कोण इसारलो, तेवढा बगा."

मासळी घ्यायला आलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. बेडेकरांनी वहीत 'समज दिली' असे लिहिले आणि दुपारी गरी परत पाठवली. तोवर थवा गेला होता.

परत आलेल्या दोरीवर गळ अकराच होते. मधला एक कापून घेतलेला होता. बेडेकर दर रविवारी खडकावर मासे धरायला बसतात. बारावा गळ कुठे गेला, हे त्यांच्या कार्यालयाने अजून सांगितलेले नाही.