करकोच्याचे पाय आणि दुधाळी ओढा

एक जंगल होतं. चांगलं सुधारलेलं होतं बरं का! तिथे निवडणुका व्हायच्या, सत्कार व्हायचे, आणि सत्कारांतून वेळ उरलाच तर कारभारही व्हायचा. आबासाहेब नावाचा गवा तिथला राजा होता. पण राजा म्हटलेलं त्यांना मुळीच आवडायचं नाही. "मी तुमचा साधा सेवक," असं ते म्हणायचे, आणि सगळे मान खाली घालून म्हणायचे, "होय महाराज."

आबासाहेबांचा एक कारखाना होता. तिथे मोहाची फुलं उकळून अर्क काढायचे आणि उरलेली काळी, चिकट मळी सरळ दुधाळी ओढ्यात सोडून द्यायचे. ओढ्याचं नाव दुधाळीच राहिलं. नाव बदलायला ठराव लागतो, रंग बदलायला लागत नाही.

कारखान्याच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या डोहात, शेवंता पाणमांजर राहायची. तिला तीन पिल्लं. आता सगळ्यांना वाटतं, पाणमांजराची पिल्लं पोहायला शिकूनच जन्माला येतात. छे! त्यांना मानगुटीला धरून पाण्यात ढकलावं लागतं. ती किंचाळतात, आईला नाही नाही ते बोलतात आणि मग शिकतात. तेही लहानपणीच. एकदा ते वय गेलं की भीती बसते ती बसतेच. शेवंताची पिल्लं नेमकी त्या वयात आली होती, आणि पाण्यात पाय घातला की त्यांच्या अंगावर चट्टे उठत होते.

शेवंता तडक आबासाहेबांच्या सभेत जाऊन उभी राहिली. "आबासाहेब, पाणी काळं झालंय हो! पोरांना पोहायला शिकवू कुठे?"

"शेवंताताई," आबासाहेब मायेने म्हणाले, "विरोधक म्हणतात पाणी काळं झालं. मी म्हणतो, पाणी भरीव झालं! आधीच्या राजवटीत काय होतं? आरपार तळ दिसायचा. म्हणजे पाण्यात काही नव्हतंच!"

"काळं पाणी, प्रगतीची निशाणी!" माकडांनी आरोळी ठोकली.

"आणि पोरांचं म्हणाल, तर त्यांना झाडावर चढायला शिकवा. काळाबरोबर बदला, ताई."

हे असंच चाललं असतं. पण एके दिवशी आबासाहेबांचे सचिव साळिंदर धापा टाकत आले. (साळिंदर स्वतःच्या पाठीतला काटा उपटून त्यानेच लिहायचे, त्यामुळे फार कमी लिहायचे.)

"साहेब, पलीकडच्या जंगलाचं पत्र आलंय. आपला अर्क त्यांना हवाय, पण ओढा स्वच्छ असला तरच. तपासायला बाहेरचा तज्ज्ञ येणार. करकोचा आहे, दर हिवाळ्यात डोंगरांपलीकडून येतो."

"कुणाचा माणूस?"

"कुणाचाच नाही, साहेब."

हे आबासाहेबांना समजायला जरा वेळ लागला.

मग काय धांदल उडाली! कारखाना चार दिवस बंद. हत्तींनी वरच्या तळ्यातून सोंडा भरभरून पाणी आणलं आणि ओढा धुतला. हो, ओढा धुतला! काठावरच्या झाडांना गेरू-चुन्याचे पट्टे मारले. एक कासव वेळेत जागं झालं नाही, त्यालाही मारले.

त्या चार दिवसांत शेवंताने पिल्लांना पाण्यात ढकलायचा सपाटा लावला. थोरली दोघं शिकली. धाकटी भिंगरी मात्र आईच्या गळ्याला घट्ट धरून म्हणायची, "आई, तूच पोह. मी वरून बघते!"

पाचव्या दिवशी करकोचा आला. शाल त्याने घेतली नाही, नारळ कुठे ठेवायचा ते त्याला कळेना. तो सरळ ओढ्यात उतरला आणि कारखान्याच्या नळीसमोर एका पायावर तासभर उभा राहिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग त्याने डोहाकडे मान वळवली.

"काय ताई, पाणी रोज असंच असतं का?"

सगळं जंगल शेवंताकडे बघू लागलं. आबासाहेबांनी एक खूर नुसताच जमिनीवर घासला. खरं बोलावं तर शिंगांशी गाठ, खोटं बोलावं तर उद्यापासून परत मळी, आणि भिंगरी जन्मभर काठावर.

"साहेब," शेवंता म्हणाली, "तुम्ही असलात की असंच असतं."

करकोच्याने पाय बदलला. "असं होय? मग मी राहतो की."

आली का पंचाईत! करकोचा आज इथे उभा, तर उद्या तिथे. कधी कुठे दिसेल, काही नेम नाही. पण तो नुसता बघत बसला नाही हां. त्याने कारखान्यातल्या रानडुकरांना तीन खड्डे खणायला लावले. मळी तिथे बसवायची, निवळलेलं पाणी लव्हाळ्यातून गाळून सोडायचं, आणि खालचा गाळ मोहाच्या झाडांना खत म्हणून घालायचा.

महिन्याभराने रानडुकरांचा मुकादम रडकुंडीला आला. "साहेब, खोटं खोटं स्वच्छ दाखवायला खरं खरं स्वच्छ ठेवावं लागतंय!"

"कळ काढ रे," आबासाहेब म्हणाले. "पाहुणा आहे. जाईल."

आणि खरंच, थंडी ओसरली तशी करकोच्याची निघायची वेळ झाली. भिंगरीचा एक पाय पाण्यात होता, दुसरा अजून काठावरच.

निरोप समारंभात आबासाहेबांनी कारखान्यासाठी प्रशस्तीचं हिरवं पान स्वीकारलं, दोन तास भाषण केलं आणि विचारलं, "कुणाला काही बोलायचंय?" कुणाला नसतं, म्हणूनच ते विचारायचे.

"मला बोलायचंय," शेवंता म्हणाली. "एवढा थोर पाहुणा. त्याचा पुतळा नको का?"

"झालाच पाहिजे! झालाच पाहिजे!" माकडं उसळली. पुतळ्याला नाही म्हणणारा नेता त्या जंगलात अजून जन्मला नव्हता. शेवंताने जागाही सुचवली. कारखान्याच्या नळीसमोर, पाण्यात.

करकोचा उडून गेला. पांढऱ्याशुभ्र दगडाचा करकोचा एका पायावर उभा राहिला. अनावरण तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी सकाळी कारखान्याने खड्डे सोडून मळी पुन्हा ओढ्यात सोडली, आणि दुपारपर्यंत पुतळ्याचा पाय गुडघ्यापर्यंत काळा झाला.

अरे बापरे! दहा वर्षं काळं पाणी मुकाट पिणारं ते जंगल खवळून उठलं. पुतळ्याची विटंबना! माकडांनी वाटा अडवल्या. हरणं उपोषणाला बसली. आपल्याला भावना आहेत हे ज्यांना ठाऊकच नव्हतं, त्यांच्याही दुखावल्या. शेवटी आबासाहेबांनी स्वतः निषेधाचा मोर्चा काढला, तो स्वतःच्याच गुहेवर नेला आणि स्वतःलाच निवेदन दिलं. तासाभरात खड्डे चालू झाले आणि पुतळ्याचा पाय घासून पांढरा करण्यात आला.

त्या आठवड्यात भिंगरीने दुसरा पाय सोडला. बुडाली, वर आली, खोकली आणि ओरडली, "आई! मी पोहतेय! बघतेस ना?"

शेवंता बघत होतीच. डोळे पुसत बघत होती.

पण आबासाहेब काय कच्चे होते? पंधरवड्यात त्यांनी नळी वाढवली आणि पुतळ्याच्या वीस पावलं पुढे नेऊन सोडली. पुतळ्याचा पाय शुभ्र, भावना ठणठणीत, आणि डोह परत काळा. भिंगरी अंगभर चट्टे घेऊन बाहेर आली. "मला आत्ताच तर यायला लागलं होतं!" म्हणून ती हमसून हमसून रडली.

शेवंताने तिला कोरडं केलं, कुशीत घेतलं आणि बराच वेळ नळीच्या नव्या तोंडाकडे बघत राहिली. मग ती उठली आणि तिने रीतसर अर्ज केला. नळीच्या नव्या तोंडासमोर आणखी एक पुतळा उभारावा. दगड पांढराच असावा. चारही पाय पाण्यात असावेत. आणि या खेपेला तो आबासाहेबांचा असावा.

अर्ज तासाभरात मंजूर झाला. आबासाहेबांनी त्यात फक्त एकच दुरुस्ती सुचवली: करकोच्यापेक्षा उंच.