हौसाच्या हातांची ऊब

डोंगरावर, जिथं ढग अंगणात उतरतात, तिथं एक वाडी होती. वाडीच्या अगदी टोकाला कुडाच्या भिंतींचं एक खोपट होतं आणि त्यात हौसा नावाची लहानशी मुलगी आपल्या आईबरोबर राहायची. आई रानातून लाकडाची मोळी आणायची, हिरडे गोळा करायची. हौसा भांडी घासायची, भाकरी थापायची. थंडीत दोघींना मिळून एकच वाकळ होती. आई म्हणायची, "मला उकडतंय गं, तूच घे." आईला उकडत नाही, हे हौसाला ठाऊक होतं. म्हणून ती झोपेत असल्यासारखं करून अर्धी वाकळ हळूच आईवर सरकवायची.

वाडीच्या वर देवराई होती. तिथलं पान कुणी तोडत नसे. त्या देवराईत एक म्हातारं जांभळाचं झाड होतं आणि त्याच्या पोटातल्या ढोलीत मधमाशा राहायच्या. इवल्या इवल्या, तपकिरी-सोनेरी, अंगावर पिवळे पट्टे ल्यालेल्या.

डोंगरातली माणसं मध काढतात, तेव्हा पोळ्याचा एक भाग माशांसाठी ठेवतात. त्यांनाही हिवाळा काढायचा असतो. पण त्या वर्षी कुणी परका वाटसरू आला आणि ढोलीत हात घालून पोळ्यातला सगळा मध खरवडून घेऊन गेला. बोटभरसुद्धा ठेवला नाही.

हौसा एका सकाळी गळून पडलेली पानं गोळा करायला देवराईत गेली, तर ढोलीखाली माशा पडलेल्या. पंख दवानं भिजलेले. तिनं एकीला तळहातावर घेतलं, तोंडाची वाफ दिली. माशीनं एक पाय हलवला, मग दुसरा, आणि रांगत रांगत ती बोटाच्या टोकाशी गेली.

"जगेल ती," कुणीतरी म्हणालं.

हौसानं वर पाहिलं. जांभळाच्या फांदीवर कवडशात एक परी बसली होती. करंगळीएवढी. हळदीच्या रंगाचं लुगडं, पंख असे झिरझिरीत, की त्यांतून पलीकडचं पान दिसावं. केसांत परागांचे कण चमचमत होते. पण तोंड मात्र उदास होतं.

"ही एक जगेल," परी म्हणाली. "आत मूठभरच उरल्यात. त्यांची राणी आहे, पण खायला नाही आणि अंगात ऊब नाही. पौष काही त्यांच्यानं निघायचा नाही."

"तू परी आहेस ना? मग दे की त्यांना."

"तू मागितलंस तर देईन. पण माझ्यापाशी साठा नाही, बाळ. मी इथलं तिथं नेते, एवढंच. काय हवं ते तू सांग, आणि कुठून आणू तेही तूच सांग."

हौसाला वाटलं, हे तर सोपं आहे. "फुलं फुलव. खूप फुलं."

"कुठून आणू? चैत्रातली आणते. मग चैत्रात डोंगर उघडा राहील. चालेल?"

हौसानं नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाली, "वरच्या कड्यावर मोठ्या माशांचं पोळं आहे. त्यातला मध आण."

"आणते. त्यांचीही पिल्लं त्याच मधावर आहेत."

"नको मग," हौसा म्हणाली. ती उठली आणि घराकडे पळाली.

घरी डब्याच्या तळाशी थोडी साखर होती. आई म्हणाली, "ने बाई. चहा काय, बिनसाखरेचाही उतरतो घशाखाली." हौसानं साखर पाण्यात विरघळवली, पानाच्या द्रोणात ओतली, आणि माशा बुडू नयेत म्हणून वर गवताच्या काड्या टाकल्या. द्रोण ढोलीच्या तोंडाशी ठेवला. एक माशी आली, काडीवर बसली, प्यायली. मग दुसरी आली.

परी बघत होती. "हे तर तू मागितलंच नाहीस," ती म्हणाली. "तुझं मागणं अजून तसंच आहे."

आई हिरडे विकून थोडी थोडी साखर आणायची आणि हौसा रोज द्रोण भरून ठेवायची. माशा थोड्या सावरल्या. पण पौष आला तो असा, की गवतावर पांढरं हीव धरलं आणि ओढ्याच्या कडेला पाण्याची काच झाली. ढोलीखाली पुन्हा माशा दिसू लागल्या.

"परीबाई, त्यांना ऊब दे," हौसा म्हणाली.

"कुठून आणू?"

हौसाला चूल आठवली. पण चुलीशी आई बसायची. वाकळ आठवली. तीही आईची होती. तिनं आपल्याकडे काय काय आहे ते आठवून पाहिलं, आणि दोन्ही हात पुढे केले.

"यांतली घे."

परी तिच्या अंगठ्यावर येऊन बसली. "नीट ऐक. हात थंड पडतील. चुलीवर धरलेस तरी तापणार नाहीत. आणि परत देणं माझ्या हाती नाही. ज्यांना दिलीस त्यांनी परत दिली तरच. आणखी एक. आता ढोलीत डोकावायचं नाही. बघायला गेलीस, की ऊब बाहेर पडेल."

"मग त्या जगल्या का मेल्या, मला कसं कळणार?"

"नाही कळणार."

हौसाच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तिनं हात मागे घेतले नाहीत. परीनं तिच्या बोटांना पंख लावला. बोटांतून सोनेरी धुकं निघालं आणि ढोलीत शिरलं.

त्या दिवसापासून हौसाचे हात ओढ्यातल्या दगडासारखे गार झाले. भाकरी थापताना पीठ कळेना. फुगडीला मुली हात देईनात. "बेडकी आली बेडकी," म्हणून पळायच्या. आई तिचे हात पदरात धरून बसायची.

एकदा वाडीतला धोंडूमामा पोळं खरवडायचा कोयता घेऊन देवराईपाशी आला. जन्मभर मध काढलेला माणूस. हौसा ढोलीपुढे बसलेली.

"सर की गं. आत आवाज न्हाई, काय न्हाई. मेल्या त्या. मेण तरी घिऊ."

"मामा, शिमग्यापर्यंत थांबा."

"तू काय बघितलंस व्हय आत?"

"नाही बघायचं."

"मग कशावरनं म्हणतीस?"

हौसा उठली. तिनं फक्त त्याचा हात धरला. धोंडूमामा दचकला. तो त्या इवल्याशा हाताकडे बघत राहिला. मग कोयता खाली ठेवून त्यानं बुंध्याला कान लावला, डोळे मिटले.

"ऐकू तर काय येत न्हाई," तो पुटपुटला. "पर दार लई मोठं हाय. वारं शिरतंय. चिखल आण जा."

दोघांनी मिळून ढोलीचं तोंड लिंपलं. एक माशी जाईल एवढीच फट ठेवली. जाताना मामानं आपली कानटोपी काढून हौसाच्या हातांवर गुंडाळली. ऊब आली नाही, पण हौसाला बरं वाटलं.

दिवस गेले. हौसा रोज द्रोण ठेवायची. पाक कधी कमी व्हायचा, कधी नाही. मुंग्यांनी खाल्ला का माशांनी, कळायचं नाही. ती पुन्हा भरायची.

मग फाल्गुन आला. पांगारा लालेलाल झाला, सावरीवर गुलाबी पेले उमलले, ऊन पिकलं. आणि एका दुपारी त्या चिखलातल्या फटीतून एक माशी बाहेर आली. तिनं पंख पुसले. मागून दुसरी, मग आणखी, मग जणू सोन्याची धारच लागली. पायांना परागांच्या पिवळ्या टिकल्या लावून परत येणाऱ्या वेगळ्याच. ढोली घुमत होती.

हौसा खाली बसली. हात मांडीवर ठेवून नुसती बघत राहिली.

माशा तिच्या हातांवर येऊन बसू लागल्या. एकही चावली नाही. प्रत्येक यायची, टेकायची आणि उडून जायची, आणि टेकली तिथं तिळाएवढी ऊब राहायची.

"मी त्यांना सांगितलेलं नाही," परी शेजारी येऊन म्हणाली. आज ती उदास नव्हती. "तू दिलंस तेव्हा त्या मूठभर होत्या. आता बघ किती झाल्यात. जिला तिला आपल्या वाट्याचं द्यायचंय. तुझ्या दोन हातांत मावणार नाही एवढं होईल."

"मग जास्तीचं काय करू?"

"ते तू ठरव. कुठं न्यायचं, हे तुला आता विचारावं लागत नाही."

एवढं बोलून परी उन्हात उभी राहिली. आधी तिचे पंख उजळले, मग हळदीचं लुगडं, मग केसांतले पराग. आणि बघता बघता परी कुठली आणि ऊन कुठलं, तेच कळेनासं झालं.

पायवाटेनं आई मोळी घेऊन खाली येत होती. "किती वेळ बसलीस गं इथं?" ती म्हणाली. हौसा उठली आणि तिनं आईच्या भेगाळलेल्या हातांत आपले हात दिले.

आईनं मोळी खाली टाकली. ती तशीच, डोळे मिटून, उन्हं कलेपर्यंत लेकीचे हात धरून उभी राहिली.