चुन्याची रेघ

एकदा एक वृद्ध गुरुजी चुन्याचे मडके घेऊन सकाळी गावाच्या खालच्या आळीत शिरले आणि एकेका घराच्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर पांढरी रेघ ओढू लागले. मागून येणारा शिष्य त्याच आळीतला. गुरुजींचे हे काय चालले आहे, हे विचारायचे त्याला धाडस होईना.

गाव नदीकाठी, बांधाच्या आड वसलेले. पूर फारच चढला, तर सगळे गाव वाचवण्यासाठी बांध एका बाजूने मुद्दाम फोडावा लागे. कोणती बाजू, ते श्रावणातल्या पहिल्या सोमवारी भर दुपारी सभेत ठरे. प्रत्येक घराने सभेला येऊन आपल्या आळीच्या घड्यात एक खडा टाकायचा. ज्या घड्यात खडे कमी, तिकडचा बांध फोडायचा. वरच्या आळीत घरे चाळीस, खालच्या आळीत शंभर. मग खालच्या आळीला भय कसले, असे कोणालाही वाटेल. पण वरची आळी शेतांची धनी, दुपारी मोकळी. खालची आळी त्या वेळी त्यांच्याच शेतात खुरपणीला वाकलेली. सभेला जावे तर दिवसाची मजुरी बुडे. त्यात सात वर्षे पूर आला नव्हता, तेव्हा आपल्या एका खड्याने काय होते, असे म्हणायची सवयच जडली होती. गेल्या वर्षी खालच्या घड्यात एकोणतीस खडे पडले. यंदा मात्र आठ दिवस डोंगरात पाऊस कोसळत होता आणि नदी चढत चालली होती. सभा त्याच दुपारी होती.

शिष्याची बहीण साळू खुरपे घेऊन निघाली होती. गुरुजींनी तिच्या दाराशेजारी रेघ ओढली. उघड्या दारातून तान्ह्याचा पाळणा दिसत होता. तो रेघेच्या खाली होता. ही रेघ कसली, असे शिष्याने आता विचारलेच.

"पाण्याची," गुरुजी म्हणाले. "वरची माणसे दुष्ट नाहीत, बाळा. त्यांना कोणाला बुडवायचे नाही. पण बांध फोडणारा फक्त घड्यात पाहतो. ज्या घराचा खडा तिथे नाही, ते घर त्याच्या लेखी नाहीच. साळूची मजुरी बुडेल, हे मी जाणतो. पण सभा संध्याकाळी घ्या, हे सांगायलाही सभेतच यावे लागते. ज्यांना तिथे येणे सर्वांत जड, त्यांच्याच दारात पाणी आधी शिरते. मला याचीच भीती वाटते."

साळूने खुरपे उंबऱ्यात ठेवले, अंगणातला एक खडा उचलला आणि मूल कडेवर घेऊन सभेच्या वाटेला लागली.

पुढची अकरा दारे बंद होती. माणसे केव्हाच शेतावर गेली होती. शिष्याने गुरुजींच्या हातून मडके घेतले, त्या अकराही भिंतींवर स्वतः रेघ ओढली आणि मडके तिथेच ठेवून तो शेतांकडे धावत सुटला.

मतदानाच्या दिवशी एखाद्या वस्तीतले केंद्र ओस दिसले, की मला त्या कोरड्या भिंतींवरच्या रेघा आठवतात.