दोघांचा एकच कोड

द्वारकाबाईंच्या गळ्यातली थायरॉइडची गाठ चांगली पेरूएवढी झाली होती. ऑपरेशन ठरलं, पण खर्चाच्या मंजुरीवर विमा कंपनीचे शेवडेसाहेब अडून बसले.

"प्रत्येक आजाराला आमच्याकडे एक कोड नंबर असतो. इस्पितळाने कागदावर नुसता ग्रंथी वाढल्याचा कोड टाकलाय. त्रास होतो म्हणता, तर त्रासाचा कोड कुठाय?"

"अहो, घास उतरत नाही घशाखाली!"

"बाई, तुमचं म्हणणं काही माझ्या गळी उतरत नाही."

"अगंबाई!" द्वारकाबाई कळवळून म्हणाल्या, "म्हणजे तुम्हालाही हेच झालंय की! आता तुमच्या दुखण्याला जो कोड लावाल, तोच माझ्याही कागदावर टाका."

सगळं ऑफिस खो-खो हसलं. साहेबांचा हात आधी स्वतःच्या गळ्याकडे गेला, मग मुकाट्याने मंजुरीच्या शिक्क्याकडे.

ऑपरेशननंतर द्वारकाबाई पेढे घेऊन आल्या. "घ्या साहेब, आता दोघांच्याही गळी उतरेल."